ॲलॉटमेंट भाजीबागा
ॲलॉटमेंट भाजीबागा : ब्रिटनमध्ये कुटुंबापुरता भाजीपाला व फळे पिकविण्यासाठी नगरपरिषदेने, ग्रामीण भागात पॅरिश परिषदेने अथवा क्वचित खाजगी मालकाने वार्षिक भाड्याने दिलेले जमिनीचे लहान तुकडे. रूढ तुकडा १० रॉडचा, म्हणजे सु. २५० चौ. मी. असतो, मागणी वाढल्याने अलीकडे पुष्कळ ठिकाणी अर्धाच तुकडा देतात. १९२२ च्या कायद्यानुसार अशी बाग ४० रॉडपेक्षा (सु. ०·१ हे.) मोठी नसावी व तीतील पीक मुख्यतः धारकाच्या कुटुंबाच्या खाण्यासाठी असावे. पीक बाजारासाठी नसल्यामुळे तिच्या यशापयशाचा हिशेब अखेर स्वयंपाकघरातच होतो. तेथे वर्षाचे काही आठवडे भाजी उरते आणि काही आठवडे ती मुळीच नसते.

अठराव्या व एकोणिसाव्या शतकांत इंग्लंडमधील सामाईक राने व गायराने कुंपणे घालून खाजगी करण्यात आली. जमिनीचा आधार तुटलेल्या शेतमजुरांना भरपाई म्हणून भाजीपुरती जागा राखून ठेवण्याची तरतूद १८४५ च्या कायद्यात होती; प्रत्यक्षात अशी जागा फारच थोडी मिळाली. १९०८ च्या कायद्याने मात्र मागणी असल्यास जागा पुरविणे हे स्थानिक परिषदांचे कर्तव्य ठरले. सहा रहिवाशांनी लेखी मागणी केल्यास परिषदेला तिचा विचार करावा लागतो, पण किती काळात जागा द्यावी याला बंधन नाही. त्यामुळे अनेक शहरांत उमेदवारांना वर्षानुवर्षे वाट पाहावी लागते. १९२५ च्या कायद्याने खास या कामासाठी संपादन केलेली जमीन मंत्र्यांच्या संमतीशिवाय विकता येत नाही. तात्पुरत्या म्हणून दिलेल्या जागांना हे संरक्षण नाही.

दोन्ही महायुद्धांच्या काळात अन्नाची आयात धोक्यात आल्याने या बागांची संख्या १४–१५ लाखांपर्यंत गेली. १९३९ मध्ये सरकारने ‘विजयासाठी खणा’ ही मोहीम सुरू केली. अन्नमंत्री लॉर्ड वुल्टन यांच्या नावाचा बटाटा, गाजर, फुलकोबी इत्यादींचा पाय हा या काळातील प्रसिद्ध पदार्थ. मांसाविना केलेला हा पदार्थ लोकांनी फारसा आवडीने खाल्ला नाही, परंतु शिजविण्याजोगे बागेत जे होते ते त्यात होते. युद्धानंतर घरबांधणी व स्वस्त बाजारभाजी यांमुळे बागा घटल्या व १९७० च्या सुमारास सु. ५ लाख उरल्या. पुढेही घट चालूच राहिली. पूर्व लंडनमधील मॅनर गार्डन ही सु. शंभर वर्षांची वसाहत २०१२ च्या ऑलिंपिक उद्यानासाठी २००७ मध्ये उठविण्यात आली. याउलट नॉटिंगहॅम येथील सेंट ॲन्सच्या एकोणिसाव्या शतकातील बागांना वारसास्थळाचा दर्जा मिळाला आहे.

नव्या धारकाला तुकडा बहुधा तणाने भरलेलाच मिळतो. हरणखुरीच्या मुळाचा बोटभर तुकडा राहिला तरी त्यातून नवा वेल फुटतो, म्हणून यंत्राने घाईने नांगरणी केल्यास तण कमी न होता वाढते. मे महिन्याच्या मध्यापर्यंत, उत्तरेकडे त्यानंतरही, रात्री हिम पडण्याची भीती असते. रोपे त्याआधी बाहेर लावली तर ती करपतात, उशीर केला तर उन्हाळा पुरत नाही. ओल्या वसंतात बिनशंखाच्या गोगलगायी एका रात्रीत सगळी कोवळी रोपे फस्त करतात. कोबीवर्गीय पिकांच्या मुळांना सूज आणणारा रोग एकदा मातीत शिरला की वीस वर्षांपर्यंत टिकू शकतो. चुना घालून मातीची आम्लता कमी करणे व पिकांची फेरपालट करणे एवढेच हाती राहते.

सर्वांत मोठा धोका बटाट्यावरील उशिराच्या करप्याचा होय. आयर्लंडमध्ये १८४५ पासून पडलेल्या दुष्काळाचे कारण हाच रोग होता. लागोपाठ दोन दिवस किमान तपमान १०° से. व रोज निदान सहा तास ९० टक्के वा अधिक आर्द्रता राहिली की त्याचा प्रादुर्भाव संभवतो. २०१७ पासून इशारे याच निकषावर देतात. पाने काळवंडू लागताच ती कापून काढून बटाटे दोन-तीन आठवडे जमिनीतच ठेवल्यास काही पीक वाचते. शेजारच्या तुकड्यातील टोमॅटोही मात्र बहुधा हातचे जातात. काही हानी बाहेरून येते. २००८ मध्ये अनेक बागांत घातलेल्या शेणखतात गवतावर फवारलेल्या तणनाशकाचा अंश निघाला आणि बटाटे, टोमॅटो व घेवड्याची पाने गुंडाळून झाडे वाया गेली. त्या तणनाशकाची परवानगी काही काळ स्थगित करण्यात आली होती.

एप्रिल ते जूनच्या आरंभापर्यंतचा काळ रिकामा असतो. हिवाळी कोबी व लीक फुलावर येतात, नवे पीक तयार नसते. साठवणीचा कांदा-बटाटा, जांभळी ब्रोकोली व रूबार्बचे आंबट देठ यांवरच भागवावे लागते. जुलै-ऑगस्टमध्ये चित्र पालटते. कूर्जेट (झुकिनी) दोन दिवस न तोडल्यास भोपळ्याएवढे होते, आणि तांबड्या फुलांच्या घेवड्याच्या शेंगा तोडल्या नाहीत तर नव्या धरत नाहीत. शेजाऱ्यांच्या बागेतही तेच पिकलेले असल्याने वाटण्यासही कोणी उरत नाही. म्हणून सूप, मिठातील शेंगा, लोणची असे टिकाऊ प्रकार रूढ झाले. मोहरी व हळद घातलेले पिकलिली हे भारतीय लोणच्याच्या अनुकरणातून आलेले आहे. शरद ऋतूत न पिकलेल्या हिरव्या टोमॅटोंची कांदा, सफरचंद, साखर व व्हिनेगर घालून चटणी करतात. ‘चटणी’ हा शब्दही भारतातूनच तेथे गेला. मात्र ती ताजी न खाता महिना-दोन महिने मुरू देतात. पार्स्निप हे मूळ हिम पडल्यावर, स्टार्चची साखर होऊन, गोड लागते.

घरी धरलेल्या बियांच्या कूर्जेटाची चव कडू लागल्यास ते फेकून द्यावे. त्यातील कुकुर्बिटासिने विषारी असतात व शिजवूनही जात नाहीत. कडू दुधी भोपळ्यातील विषारीपणाचे कारणही हेच. घेवड्याचे वाळलेले दाणे भिजवून निदान दहा मिनिटे खळखळून उकळावे लागतात.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भारतीय उपखंड व कॅरिबियन बेटांतून आलेल्या कुटुंबांनी बर्मिंगहॅम, लेस्टर इ. शहरांत अशा तुकड्यांवर आपल्या भाज्या लावण्यास सुरुवात केली. मेथी तेथील थंड उन्हाळ्यात चांगली येते, दुधी भोपळ्याला प्लॅस्टिकचे आच्छादनगृह लागते. कोथिंबीर लांब दिवसांमुळे लवकर फुलावर येत असल्याने ती दर दोन-तीन आठवड्यांनी थोडी थोडी पेरतात.