मांडुळाची शेपटी आणि ट्विन-टिपचा मध्य

मागच्या नोव्हेंबरात कॅलगरीहून भाच्याचा व्हिडिओ कॉल आला. जेवणाच्या टेबलावर स्कीची नवी कोरी जोडी आडवी टाकलेली, एका हातात टेप, दुसऱ्या हातात ड्रिल.

"मामा, बरोबर मधोमध खूण केलीये. मारू का भोक?"

"थांब जरा. मधोमध कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? दोन्ही टोकं वर वळलेली आहेत. पुढचं काय नि मागचं काय, सारखंच!"

मला एकदम मांडूळ आठवलं. त्याला दोन तोंडं असतात असं आपल्याकडे आजही छातीठोकपणे सांगतात. तोंड असतं एकच. शेपटी बोथट आणि दिसायला तोंडासारखी, म्हणून पाहणारा फसतो. दोन्ही टोकं वळलेल्या, म्हणजेच ट्विन-टिप स्कीचं थोडंफार तसंच आहे.

ज्यांनी स्की जवळून पाहिलेली नाही, त्यांच्यासाठी आधी दोन गोष्टी. स्कीचा बूट बाइंडिंगमध्ये अडकतो. बाइंडिंगचे भाग दोन: चवड्याकडचा टो-पीस आणि टाचेकडचा हील-पीस. दोन्ही स्क्रूने स्कीत पक्के बसवतात. बुटाच्या बाजूला तळव्याचा मध्य दाखवणारी बारीक खूण असते आणि स्कीच्या पाठीवर कंपनीने एक रेषा छापलेली असते. बुटाची खूण त्या रेषेवर आली, की झालं 'रेषेवरचं' माउंटिंग. ही जागा स्कीच्या खऱ्या मध्यापासून किती मागे आहे ते सेंटिमीटरमध्ये सांगतात. मध्याच्या पाच सेंटिमीटर मागे असेल तर 'उणे पाच'. आता एकेक गैरसमज घेऊ.

गैरसमज १ : दोन्ही टोकं वळलेली, म्हणून बाइंडिंग मधोमध.

वस्तुस्थिती : स्कीची शेपटी, म्हणजे मागचं टोक, वळवली ती उलटं घसरता यावं म्हणून. या उलट्या घसरण्याला 'स्विच' म्हणतात. वळलेल्या शेपटीची स्की ऑलिन कंपनीने १९७० च्या दशकातच काढली होती, पण तिचा खरा जम बसला तो १९९० च्या दशकाच्या अखेरीस. कॅनडात ब्लॅककॉम्बच्या हिमनदीवर उन्हाळ्यात मोगल, म्हणजे बर्फाच्या उंचवट्यांवरचं स्कीइंग, शिकवणारे माइक डग्लस आणि त्याचे सोबती शेजारच्या पार्कमधल्या, म्हणजे उड्या-कसरतींसाठी राखलेल्या उतारावरच्या, स्नोबोर्डवाल्यांच्या उड्या बघत. तशाच उड्या स्कीवर मारायच्या तर उलटं उतरता आलं पाहिजे, आणि सरळ शेपटी बर्फात रुतते. 'न्यू कॅनेडियन एअर फोर्स' या नावाने ओळखल्या गेलेल्या या टोळीची कल्पना सालोमनने उचलली आणि १९९८ च्या सुमारास 'टेनएटी' बाजारात आली. नाव १,०८० अंशांवरून, म्हणजे हवेत पूर्ण तीन गिरक्या. पुढे २०१४ च्या सोची ऑलिंपिकमध्ये स्लोपस्टाइल आणि हाफपाइप हे स्कीप्रकार आले, २०२२ च्या बीजिंगमध्ये बिग एअर आला.

पण शेपटी वळवली म्हणून स्की आरशातल्यासारखी सारखी होत नाही. बहुतेक ट्विन-टिपचं पुढचं टोक शेपटीपेक्षा रुंद असतं, जास्त उचललेलं असतं, आणि कमरेचा सर्वांत अरुंद भाग मध्याच्या थोडा मागे असतो. बाइंडिंगची जागा या घडणीवर ठरते. ढोबळ मानाने निव्वळ पार्कसाठीच्या स्कीवर ती शून्य ते उणे तीन, पार्क आणि डोंगर दोन्हीसाठीच्या स्कीवर उणे चार ते उणे सात, आणि मुख्यतः पुढेच जाणाऱ्या स्कीवर उणे आठ ते उणे बारापर्यंत सापडते. खरोखर दोन्ही बाजूंनी सारख्या स्की असतात, पण थोड्या.

गैरसमज २ : मध्य काढणं म्हणजे लिहिलेल्या लांबीचं निम्मं करणं.

वस्तुस्थिती : भाच्याच्या स्कीवर १८० लिहिलं होतं, म्हणून त्याने ९० वर खूण केली. मी म्हटलं, टेप टोकापासून टोकापर्यंत ताणून धर बघू. टेप १७८ वर संपली. यात फसवणूक नाही. काही कंपन्या तळाच्या वळणावरून लांबी मोजतात, काही टोकापासून टोकापर्यंत सरळ रेषेत. वळणावरून मोजलं की आकडा मोठा येतो, आणि ट्विन-टिपमध्ये तर वळणं दोन. त्याचा मध्य तिथेच एक सेंटिमीटरने हुकला होता.

म्हणून एका कंपनीच्या 'उणे पाच'ची दुसरीच्या 'उणे पाच'शी डोळे झाकून तुलना करू नये. स्वतः मोजा. टेप शेपटीच्या टोकाला लावून सरळ ताणा आणि दोन्ही स्की एकाच पद्धतीने मोजा. छापलेल्या रेषाही दोघींवर शेपटीपासून सारख्याच अंतरावर आहेत का, तेही याच वेळी कळतं.

आणखी एक चूक नेहमीची. रेषेवर बुटाच्या तळव्याचा मध्य यायला हवा, बाइंडिंगच्या कुठल्या भागाचा नव्हे. त्यामुळे बूट सोबत नसताना ड्रिलला हात लावू नये.

गैरसमज ३ : मध्यावर बसवली की स्की गिरकीत कितीतरी हलकी होते.

वस्तुस्थिती : हे पार्कमधलं आवडतं वाक्य आहे, म्हणून हिशेबच करून पाहू. स्की म्हणजे १८० सेंटिमीटरची सगळीकडे सारख्या वजनाची पट्टी, असं धरू. मध्याभोवती फिरवताना तिचा जो जडपणा असतो तो लांबीचा वर्ग भागिले बारा या प्रमाणात, म्हणजे २,७००. फिरण्याचा बिंदू मध्यापासून सरकला, की त्या अंतराचा वर्ग यात मिळवायचा. उणे दोनला २,७०४. उणे दहाला २,८००. इतकं मागे जाऊनही फरक पडला चार टक्क्यांहून कमी! खऱ्या स्कीचं वजन सगळीकडे सारखं नसतं आणि बाइंडिंगचंही वजन असतं, पण आकड्याचा अंदाज याने येतो. गिरकी खरंच हलकी हवी असेल तर लांबी कमी करा. १८० च्या जागी १७० घेतली, तर वजन तेवढंच धरूनही हा आकडा दहा टक्क्यांहून जास्त उतरतो.

मग खेळाडूंना फरक जाणवतो तो कसला? तोलाचा. कावड आठवा. दोन्ही घागरी सारख्या भरलेल्या असतील तर खांदा मधोमध येतो. खांदा एका बाजूला सरकवला की दुसरी बाजू लोंबते. चेअरलिफ्टवर पाय अधांतरी सोडले, की उणे दहावाल्या स्कीचं पुढचं टोक खाली झुकतं आणि शून्यावरची जवळजवळ आडवी राहते. हवेत हाच तोल उपयोगी पडतो.

दुसरा आणि मोठा फायदा शेपटीचा. १८० च्या स्कीवर उणे दहाला बुटाच्या मध्यामागे ८० सेंटिमीटर उरतात, उणे दोनला ८८. उलटं उतरताना हीच शेपटी 'पुढे' असते, त्यामुळे ते आठ सेंटिमीटर तोंडावर पडण्यापासून वाचवतात.

गैरसमज ४ : पुढे सरकवलं तर तोटा काहीच नाही.

वस्तुस्थिती : शेपटीला दिलेले सेंटिमीटर पुढच्या टोकाकडूनच काढलेले असतात. माझी पहिली ट्विन-टिप जोडी मी हौसेने खऱ्या मध्यावर बसवून घेतली होती. तिची रेषा होती उणे सहाला. घट्ट दाबलेल्या उतारावर मजा आली. स्की आखूड वाटायची, पटकन वळायची. मग एके सकाळी गुडघाभर भुसभुशीत बर्फ पडला. पहिल्या शंभर मीटरांत तीनदा टोकं खाली बुडाली आणि तिसऱ्या वेळी मी त्यांच्या मागोमाग डोकं खाली घालून गेलो. वजन टाचेवर टाकून कशीबशी स्की तरंगत ठेवली, तर दुपारपर्यंत मांड्या पेटल्या.

म्हणून मागे जावं तितकं बरं, असंही नाही. रेषेच्या फार मागे गेलात तर टोक बर्फावर राहतं, पण वळण सुरू करायला आळस करतं. स्कीची कड जिथे कमरेत सर्वांत जास्त आत वळलेली असते, तिथे दाब पडावा असं गणित करून ती बनवलेली असते. तुम्ही त्या जागेपासून लांब उभे राहिलात की हे गणित बिघडतं.

गुलमर्गला जाणाऱ्या मराठी मंडळींनी हे लक्षात ठेवावं. तिथल्या अफरवत डोंगरावर गोंडोला (केबल कार) जवळजवळ ४,००० मीटरपर्यंत नेते आणि तिथली खरी मौज खोल, न दाबलेल्या बर्फाची आहे. तिथे पार्कसाठी मध्यावर बसवलेली स्की घेऊन जाणं म्हणजे शेतातल्या चिखलात सायकल घालणं.

गैरसमज ५ : अर्धा सेंटिमीटर चुकला की स्की वाया गेली.

वस्तुस्थिती : चर्चेत मिलिमीटरवरून भांडणारे पुष्कळ भेटतात. रेषेच्या पुढेमागे एका सेंटिमीटरपर्यंतचा बदल बहुतेक स्की पचवतात. मुरलेल्या खेळाडूला एक सेंटिमीटर कळतो, बाकीच्यांना क्वचितच. तीन-चार सेंटिमीटर मात्र कुणालाही कळतात.

शिवाय अर्धा सेंटिमीटर तुमच्या नकळतही सरकतो. ३०५ मिलिमीटर तळव्याचा बूट बदलून २९५ चा घेतला आणि टो-पीस जागच्या जागी ठेवून फक्त हील-पीस दहा मिलिमीटर पुढे आणला, की बुटाचा मध्य आपोआप पाच मिलिमीटर पुढे जातो. कित्येक लोक असे वर्षानुवर्षं मजेत स्की करतात.

गैरसमज ६ : आवडलं नाही तर काय, पुन्हा भोकं पाडू.

वस्तुस्थिती : पाडता येतात, पण मोजकी. दुकानातलं टेबल एकदा जवळून बघा. कारागीर स्की शिकंज्यात धरतो, पाठीवर चिकटपट्टी लावून तिच्यावर पेन्सिलीने मध्यरेषा ओढतो आणि बुटाच्या मापाचा जिग, म्हणजे भोकांच्या जागा ठरवणारा लोखंडी साचा, वर कसतो. ड्रिलच्या पात्यालाही अडसर असतो, ते नऊ मिलिमीटरच्या खाली जात नाही. जास्त गेलं तर तळाला फुगवटा येतो. पातं किती जाडीचं हवं ते बहुधा स्कीवरच छापलेलं असतं. आत धातूचा थर असेल तर ४.१ मिलिमीटर, नसेल तर ३.५ किंवा ३.६. भोकातून लाकडाचा पांढरट भुसा वर येतो, तो झटकून गोंदाचा थेंब सोडतात आणि मग स्क्रू पिळतात. गोंद पाणी आत जाऊ देत नाही. पाणी गेलं की लाकूड कुजतं आणि स्क्रू सैल होतो.

एका स्कीला अशी आठ-नऊ भोकं पडतात. नवं भोक जुन्यापासून निदान एक सेंटिमीटर दूर हवं, हा कारागिरांचा नेहमीचा दंडक. म्हणजे 'अर्धाच सेंटिमीटर मागे घ्या' ही मागणी सर्वांत अवघड! जुनी भोकं गुल्ली आणि गोंद घालून बुजवतात, पण दोन-तीनदा असं झालं की पायाखालचा भाग चाळणीसारखा होतो, आणि सगळ्यात जास्त जोर तिथेच पडतो.

जागेबद्दल मन ठरत नसेल तर रुळावर सरकणारी डेमो बाइंडिंग बसवावी. वजन थोडं वाढतं, पण ज्या प्रकारात टो-पीस आणि हील-पीस दोन्ही सरकतात, त्यात स्क्रू न काढता जागा बदलून पाहता येते.

गैरसमज ७ : जागा बदलली की बाइंडिंग सुटण्याचा आकडाही बदलावा लागतो.

वस्तुस्थिती : पडल्यावर बूट किती जोराने सुटावा, तो हा आकडा. रोजच्या बोलण्यात त्याला 'डिन' म्हणतात. तो वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची लांबी आणि स्की करण्याची पद्धत यांवरून ठरतो. बाइंडिंग स्कीवर कुठे आहे, याचा त्याच्याशी संबंध नाही. बूट बदलला असेल तर मात्र आकडा आणि हील-पीसचा दाब दोन्ही दुकानात तपासून घ्यावेत, कारण गुडघ्याचा प्रश्न आहे.

भाच्याला शेवटी मी एकच विचारलं. "दिवसभरात शंभर वळणं घेतलीस, तर त्यांतली उलटी किती?"

जरा विचार करून तो म्हणाला, "पाच. फार तर सहा."

उत्तर तिथेच मिळालं. निम्मा दिवस पार्कमधल्या रेलच्या दांड्यांवर आणि जंपवर जात असेल, उलटं उतरणं रोजचं असेल, तर रेषेच्या एक-दोन सेंटिमीटर पुढे जा. सगळा डोंगर फिरत असाल तर रेषेवर थांबा. खोल बर्फच आवडत असेल तर रेषेच्या फार तर एक सेंटिमीटर मागे, आणि त्याहून मागे जावंसं वाटलं तर ती स्कीच तुमच्यासाठी नाही, दुसरी घ्या. रेषा आखणाऱ्याने ती स्की वेगवेगळ्या जागी बाइंडिंग लावून चालवून पाहिलेली असते, आपण फक्त टेप लावलेली असते.

भाच्याने ड्रिल खोक्यात ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी बूट बगलेत मारून दुकान गाठलं. त्याची रेषा निघाली खऱ्या मध्याच्या साडेचार सेंटिमीटर मागे.