यजमान कोण, पुण्य कोणाचे?

आमच्या महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनाची स्मरणिका गेली काही वर्षे माझ्या गळ्यात आहे. मराठीचा प्राध्यापक म्हणजे मुद्रिते तपासण्याचा हक्काचा धनी, अशी आमच्या प्राचार्यांची समजूत! शुद्धलेखनाचे मला भय नाही. भय वाटते ते जाहिरातींचे. एका वर्षी आमच्या विद्यार्थी-चिटणिसाने मलपृष्ठ एका मिठाईवाल्यांना देऊन टाकले आणि पैसेही घेतले. समितीने जाहिरातींचे काम त्याच्याकडे सोपवले ते त्यानंतर पंधरा दिवसांनी! तोवर मी तेच पान एका पुस्तकविक्रेत्याला कबूल करून बसलो होतो. मिठाईवाले शांतपणे म्हणाले, "सर, पान कोणाचेही छापा. पण माझे पैसे कोणाकडे आहेत आणि जाब कोणाला विचारायचा, एवढे सांगा."

मला उत्तर देता आले नाही.

हा प्रसंग पुन्हा आठवला तो माझ्या मुलामुळे. त्याला मोटारींच्या शर्यतींचे वेड. त्याच्या आग्रहावरून मी सर्वोच्च न्यायालयाचा २४ एप्रिल २०१७ चा एक निकाल वाचावयास घेतला आणि पाहतो तो काय, आमचेच मलपृष्ठ, फक्त डॉलरांतले!

३० ऑक्टोबर २०११ रोजी ग्रेटर नोएडाच्या बुद्ध इंटरनॅशनल सर्किटवर फॉर्म्युला वनची पहिली भारतीय शर्यत झाली. शर्यतीच्या नावाआधी 'एअरटेल' हे नाव झळकत होते. धावपट्टी बांधली जेपी समूहाने. शर्यत भरवण्याच्या हक्कासाठी त्याने इंग्लंडातील फॉर्म्युला वन कंपनीला चार कोटी डॉलर देण्याचे कबूल केले. शिवाय तिची बोधचिन्हे वापरण्याचा वेगळा करार झाला, त्याचे मोल अवघा एक डॉलर!

आता आपल्या भाषेत यजमान म्हणजे यज्ञाचा खर्च करणारा, आणि पुण्यही त्याचेच. येथे खर्च यजमानाचा. पण शर्यतीला नाव देण्याचा आणि प्रक्षेपणाचा हक्क त्याने सप्टेंबरात फॉर्म्युला वनच्याच गोतावळ्यातील 'बीटा प्रेमा २' या कंपनीच्या हाती दिला. गंमत पुढेच आहे. या कंपनीने शर्यतीचे नाव एअरटेलला ८० लाख डॉलरांना विकले होते ते १६ ऑगस्टला, म्हणजे हक्क हाती येण्याच्या आधीच!

न्यायालयापुढचा प्रश्न कराचा होता. "धावपट्टी जेपीची, आमचे येथे ठाणे नाही," असे परदेशी कंपनीचे म्हणणे. न्यायालयाने सुटेसुटे कागद एकत्र मांडून पाहिले आणि सांगितले की, धावपट्टीवर सत्ता चालत होती ती याच कंपनीची. तेव्हा येथे तिचे ठाणे होते आणि येथल्या मिळकतीवर येथे कर द्यावा लागेल. शर्यत मात्र २०१३ नंतर त्या धावपट्टीवर आली नाही.

कोणी म्हणेल, हा कोट्यधीशांचा आपसातला व्यवहार. आपणां पगारदारांना त्याचे काय? पण सप्टेंबर २०२३ मध्ये त्याच धावपट्टीवर मोटारसायकलींची 'मोटोजीपी' शर्यत झाली. तिला नाव होते इंडियन ऑइलचे, म्हणजे सरकारी कंपनीचे. सरकारी कंपनी पैसे घालते तेव्हा त्यांत आपलाही वाटा असतो. प्रायोजकाचे पैसे किती, ते कोणाच्या हाती गेले आणि शर्यत मोडली तर परत कोणी करावयाचे, ही तीन उत्तरे एकाच कागदावर, शर्यतीच्या आधी जाहीर व्हावीत. निकाल लागायला सहा वर्षे लागली. तोवर प्रेक्षक कधीच घरी पोचलेले असतात!

मिठाईवाल्यांचे पैसे मी त्या वर्षी पदरचे भरून परत केले. सौभाग्यवतींनी त्या महिन्याचा हिशेब मला दोनदा मांडायला लावला. तो न्यायच होता. तेव्हापासून स्मरणिकेच्या शेवटच्या पानावर मी जाहिरातींचा जमाखर्च छापतो आणि खाली स्वतःची सही करतो. ते पान फारसे कोणी वाचत नाही. मिठाईवाले मात्र दरवर्षी प्रथम तेच उघडतात, आणि मग पुढच्या वर्षीची जाहिरात देतात.