चरित्रनोंद कशी लिहावी?

पिंपरी-चिंचवड व चाकण या कारखानदारीच्या पट्ट्यातील शाळांत परिसराचा अभ्यास करविताना मुलांकडून कर्त्या माणसांच्या चरित्रनोंदी लिहवून घेता येतात. चरित्रनोंद म्हणजे स्तुतिपर निबंध नव्हे. जन्म-मृत्यूची साले, कर्मभूमी व हातून घडलेले मुख्य कार्य दहा-बारा ओळींत सांगणे, हे तिचे प्रयोजन होय. उदाहरणादाखल कै. सुमंत मुळगावकर यांची नोंद पाहू.

मुळगावकर (१९०६–१९८९) हे अभियंते. सिमेंटच्या उद्योगात अनुभव घेऊन ते टाटांच्या टेल्को कंपनीत आले व पुढे तिचे अध्यक्ष झाले. १९५४ साली जर्मनीच्या डाइमलर-बेंझ कंपनीशी सहकार्य होऊन जमशेदपूरला मालमोटारी बनू लागल्या. पिंपरीच्या कारखान्याची उभारणी १९६६ पासूनची. मात्र तेथून पहिली मालमोटार बाहेर पडली ती १९७७ साली. मधली अकरा वर्षे वाया गेली, असे एखादे मूल सहज म्हणेल. शिक्षकांनी येथे अवश्य थांबावे. त्या काळात कारागीर घडविणारे प्रशिक्षण केंद्र व यंत्रे बनविणारा विभाग आधी उभे राहिले. ओसाड माळावर झाडे लागली, तलाव झाला. गाडी शेवटी आली. दोन सालांतील हे अंतर नीट मांडले, की ‘दूरदर्शी’ हे विशेषण लावण्याची गरज उरत नाही.

१९९४ साली निघालेल्या ‘सुमो’ गाडीला त्यांचेच नाव दिलेले आहे. मराठीप्रमाणे ते ‘सुमु’ व्हावयास हवे, अशी शंका चौकस मुले काढतीलच. इंग्रजीत लिहिलेल्या नावाची व आडनावाची पहिली दोन-दोन अक्षरे घेतल्याने ‘सुमो’ झाले, हे त्यांस फळ्यावर लिहून दाखवावे.

ते हमरस्त्यावरील ढाब्यावर मालमोटारचालकांसमवेत जेवत, अशी एक गोष्ट घरोघरी ऐकू येते. गोष्ट गोड आहे. परंतु पुरावा हाती नसता ‘असे सांगतात’ या शब्दांवाचून ती नोंदीत येऊ नये. चिंचवडच्या मोरया गोसावींच्या काळाविषयी तर अभ्यासकांतच एकमत नाही. तेथे एकच साल ठामपणे लिहिणे चूक होय. समाधी चिंचवडला आहे, एवढे निःशंक लिहावे.

जन्मगावाचा आग्रह धरू नये. मुळगावकर मुंबईत जन्मले, राहुल बजाज (१९३८–२०२२) कोलकात्यात. तरी स्कूटरच्या कारखान्यामुळे आकुर्डीच्या नोंदवहीत बजाजांना जागा हवीच.

नोंद पुरी झाल्यावर ती कारखान्यात काम केलेल्या घरच्या वडीलधाऱ्यांना वाचून दाखवावी, आणि त्यांनी सुचविलेली दुरुस्ती समासात वेगळ्या शाईने उतरवावी.