चर्चचे संकेतस्थळ : यश कोणत्या मापाने मोजावे?

रत्नागिरी जिल्ह्यातील मुरुड हे महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे गाव. १८७५ साली परीक्षेसाठी कर्वे मुरुडहून पायी साताऱ्याला गेले. वयाची सतरा वर्षे पूर्ण झालेली असूनही ते चणीने लहान दिसतात, एवढ्याच कारणावरून त्यांना परीक्षेला बसू दिले गेले नाही. मोजायचे होते ज्ञान आणि माप लावले गेले ते अंगकाठीला. मापाची निवड चुकली की मोजणी कितीही काटेकोर असली तरी निष्कर्ष चुकतो, याचे हे बोलके उदाहरण आहे.

याच परिसरात आणखी एक उदाहरण सापडते आणि ते थेट ख्रिस्ती मिशनच्या कामाशी निगडित आहे. मुरुडच्या उत्तरेकडील हर्णै आणि बाणकोट या भागात स्कॉटिश मिशनऱ्यांनी १८२३ च्या सुमारास काम सुरू केले. पुढे मुंबईच्या विल्सन महाविद्यालयाला ज्यांचे नाव मिळाले, ते जॉन विल्सन १८२९ मध्ये भारतात आल्यावर मराठी शिकण्यासाठी हर्णैलाच राहिले होते. नंतरच्या काळात दापोलीत मिशनची शाळा नावारूपाला आली. ‘धर्मशास्त्राचा इतिहास’ लिहिणारे भारतरत्न पां. वा. काणे आणि साने गुरुजी हे दोघेही या शाळेचे विद्यार्थी. धर्मांतर हे या शाळेचे उद्दिष्ट मानले तर हे दोन विद्यार्थी तिच्या अपयशाच्या खात्यात टाकावे लागतील; शिक्षणप्रसार हे उद्दिष्ट मानले तर याहून मोठे यश शोधून सापडणार नाही. शाळा तीच, विद्यार्थी तेच. उद्दिष्ट बदलले की उत्तर बदलते.

चर्चच्या संकेतस्थळाचे मूल्यमापन करतानाही नेमका हाच प्रश्न उभा राहतो. व्हॅटिकनचे संकेतस्थळ १९९५ च्या नाताळात सुरू झाले. त्यानंतर धर्मप्रांतांनी आणि धर्मग्रामांनी आपापली संकेतस्थळे काढली. त्यांवर पैसा खर्च होतो, स्वयंसेवकांचा वेळ खर्च होतो. मात्र त्यातून काय साधले, असे विचारले की उत्तर बहुधा ‘इतक्या हजार लोकांनी भेट दिली’ एवढेच मिळते. हे उत्तर अपुरे तर आहेच. अनेकदा ते दिशाभूल करणारेही असते.

आकडे फसवे कसे ठरतात?

दोन हजारच्या दशकात अनेक संकेतस्थळांच्या तळाशी ‘आपण अमुकावे पाहुणे आहात’ असे सांगणारा गणक असे. त्या काळी ‘हिट्स’ हा शब्दही परवलीचा होता. हिट म्हणजे सर्व्हरकडे गेलेली एक मागणी. एखाद्या पानावर वीस छायाचित्रे असतील तर ते पान एकदा उघडल्याने निदान एकवीस हिट्स नोंदल्या जातात. छायाचित्रे वाढवली की वाचक न वाढताही हिट्स वाढतात. पाहिलेली पाने, भेटी आणि भेट देणाऱ्या व्यक्ती या तिन्ही संख्याही परस्परांपासून वेगळ्या आहेत. एकच गृहस्थ सकाळी घरच्या मोबाइलवरून आणि दुपारी कार्यालयातील संगणकावरून आले, तर गणनयंत्राच्या लेखी ते सहसा दोन व्यक्ती ठरतात.

‘बाउन्स रेट’ हे माप तर चर्चच्या बाबतीत विशेष जपून वापरावे लागते. संकेतस्थळावर येऊन पुढे काहीही न करता निघून गेलेल्या भेटींचे प्रमाण म्हणजे हा दर. दुकानदाराच्या दृष्टीने असा पाहुणा हातचा गेलेला असतो. पण रविवारची मिस्सा किती वाजता आहे, एवढे पाहून आठ सेकंदांत पान बंद करणाऱ्या भाविकाचे काम पूर्ण झालेले असते. गुगल अॅनालिटिक्सच्या सध्याच्या आवृत्तीत दहा सेकंदांपेक्षा अधिक टिकलेली, दोन पाने पाहिलेली किंवा ठरवून दिलेली महत्त्वाची कृती घडलेली भेट ‘गुंतलेली’ मानतात. आठ सेकंदांत समाधानी होऊन गेलेला भाविक या व्याख्येत बसत नाही. म्हणजे वेळापत्रक जितके स्पष्ट, तितका दर वाईट दिसण्याचा संभव!

आधी उद्दिष्ट, मग मापन

म्हणूनच मापनाची सुरुवात कागदावर व्हायला हवी. संकेतस्थळ कोणासाठी आहे आणि ते पाहून त्या व्यक्तीने काय करावे, हे एकेका वाक्यात लिहून काढावे. साधारणपणे चर्चच्या संकेतस्थळाचे चार प्रकारचे वाचक असतात.

पहिला वाचक म्हणजे नेहमीचा सभासद. त्याला उपासनेच्या वेळा, कार्यालय केव्हा उघडे असते, बाप्तिस्म्याचा दाखला कसा मिळतो ही माहिती हवी असते. त्याच्या बाबतीतील यशाची खूण संगणकात शोधण्यापेक्षा कार्यालयातील दूरध्वनीजवळ शोधावी. ‘मिस्सा किती वाजता?’ असे विचारणारे दूरध्वनी कमी झाले, तर संकेतस्थळ आपले काम करीत आहे. त्यासाठी दूरध्वनीशेजारी एक वही आणि आलेल्या प्रत्येक चौकशीची एक रेघ पुरेशी असते.

दुसरा वाचक म्हणजे पाहुणा. मुरुड-कर्द्याच्या किनाऱ्यावर सुटीसाठी येणाऱ्या ख्रिस्ती कुटुंबाला जवळची उपासना कोठे आणि कोणत्या भाषेत होते, हे जाणून घ्यायचे असते. येथे नकाशाच्या किंवा दूरध्वनीच्या बटणावर किती जणांनी बोट ठेवले, हे मोजता येते. लोक कोणते शब्द शोधून संकेतस्थळावर पोहोचले, हे गुगलच्या सर्च कन्सोल या मोफत सुविधेतून कळते. ते शब्द देवनागरीत आहेत की रोमन लिपीत, यावरून मराठी पानांची गरजही उमगते. वसईसारख्या धर्मप्रांतात, जेथे मराठी ही घराची आणि प्रार्थनेचीही भाषा आहे, तेथे हा तपशील मोलाचा ठरतो.

तिसरा वाचक दूर गेलेला. नोकरीनिमित्त मुंबईत, आखातात किंवा अन्यत्र असलेल्या सभासदाला गावाशी नाते टिकवायचे असते. चौथा वाचक मदत मागणारा किंवा देऊ करणारा. त्याची प्रार्थनेची विनंती, देणगी किंवा स्वयंसेवेची तयारी येथे नोंदली जाते. या दोघांच्या बाबतीत संख्या लहान असते, पण प्रत्येक नोंदीमागे एक माणूस असतो. विनंतीला किती दिवसांत उत्तर गेले, हेच येथे खरे माप.

एक हिशेब

समजा, एका लहान चर्चच्या संकेतस्थळाला महिन्यात ४०० भेटी मिळाल्या. त्यांपैकी १२० भेटींत उपासनेच्या वेळांचे पान उघडले गेले, ३६ भेटींत नकाशा पाहिला गेला आणि रविवारी दाराशी विचारल्यावर नव्याने आलेल्या ९ जणांनी ‘संकेतस्थळावर पाहून आलो’ असे सांगितले. या चर्चने ४०० या आकड्यापेक्षा १२० ते ३६ आणि ३६ ते ९ या पायऱ्यांकडे लक्ष द्यावे. वेळा पाहणारे पुष्कळ असून नकाशा पाहणारे फारच थोडे असतील, तर त्याची दोन कारणे संभवतात : बहुतेक वाचक जुने सभासद असतील, किंवा नकाशाचे बटण सापडत नसेल. पहिली चिंतेची बाब नव्हे. दुसरी तासाभरात दुरुस्त होते.

तुलनाही सारख्याची सारख्याशीच व्हावी. नाताळ, पुण्यसप्ताह, मे महिन्याची सुटी या काळात आकडे आपोआप फुगतात. वांद्र्याच्या माउंट मेरीची जत्रा सप्टेंबरात भरते. तेथील सप्टेंबरची तुलना ऑगस्टशी न करता आदल्या वर्षीच्या सप्टेंबरशी करावी लागेल. शिवाय लहान संख्यांत टक्केवारी फसवते. चारांचे सहा झाले म्हणजे पन्नास टक्के वाढ झाली खरी, पण ते दोघे एकाच गाडीतून आलेले असू शकतात.

संख्या घटली, तरी यश?

करोनाच्या साथीत हा प्रश्न तीव्रतेने पुढे आला. महाराष्ट्रातील प्रार्थनास्थळे मार्च २०२० मध्ये बंद झाली आणि नोव्हेंबर २०२० मध्ये उघडली. २०२१ च्या एप्रिलमध्ये ती पुन्हा बंद झाली आणि ऑक्टोबरमध्ये खुली झाली. मधल्या काळात अनेक चर्चनी उपासनेचे थेट प्रक्षेपण केले. तेव्हाचे प्रेक्षकांचे आकडे दोन्ही बाजूंनी चुकीचे असू शकत. पाच जणांचे कुटुंब एका पडद्यासमोर बसले तरी नोंद एकाचीच होई आणि काही क्षण डोकावून गेलेलाही प्रेक्षक म्हणून मोजला जाई. दारे उघडल्यावर प्रक्षेपणाचे प्रेक्षक घटले, तर ते अपयश कसे म्हणावे? बाके भरली असतील, तर ती घट हीच शुभवार्ता होय.

व्हॅटिकनने २००२ साली ‘चर्च आणि इंटरनेट’ या दस्तऐवजात या प्रश्नाचा विचार केला होता. आंतरजालावर संस्कारविधी होऊ शकत नाहीत. आभासी जगातून माणसाला प्रत्यक्ष समुदायाकडे आणणे हे कार्य आहे, असा त्याचा आशय होता. ही भूमिका मान्य केली तर संकेतस्थळाच्या यशाचा शेवटचा पुरावा पडद्याबाहेरच शोधावा लागतो. दाराशी विचारलेला एक प्रश्न, नव्या माणसांची वही आणि वर्षातून एकदा घेतलेले छोटे सर्वेक्षण ही साधने त्यासाठी जुनी असली तरी निरुपयोगी नाहीत.

वापरून पाहण्याची कसोटी

केवळ आकडेवारी ‘काय घडले’ ते सांगते. ‘का घडले’ हे कळण्यासाठी माणसाला संकेतस्थळ वापरताना पाहावे लागते. संकेतस्थळांच्या वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब निल्सन यांनी २००० साली असे मांडले, की पाच जणांवर चाचणी घेतली तरी बहुतेक दोष उघड होतात. चर्चला ही चाचणी विनाखर्च घेता येते. पाच वेगवेगळ्या वयांच्या व्यक्तींच्या हाती मोबाइल द्यावा आणि ‘पुढच्या रविवारची वेळ शोधा’, ‘कार्यालयाचा क्रमांक शोधा’ अशी कामे सांगावीत. मध्ये बोलू नये, मदत करू नये. सत्तरीच्या आजींना वेळ सापडली नाही, तर दोष आजींचा नसून पानाचा आहे.

याच वेळी माहितीची शिळेपणाची तपासणीही करावी. गुड फ्रायडेची वेळ मागील वर्षाची राहून गेली, तर दुरून आलेले कुटुंब बंद दारासमोर उभे राहते. अशी एक चूक शेकडो भेटींवर पाणी फिरवते आणि कोणत्याही आलेखात ती दिसत नाही.

मोजण्याची मर्यादा

काही गोष्टी मोजू नयेत, हेही ठरवावे लागते. प्रार्थनेच्या विनंतीत आजार, कर्ज, घरातील कलह असे अत्यंत खासगी विषय येतात. अशा विनंत्या किती आल्या हे मोजणे योग्य. त्यांतील मजकूर जाहिरात कंपन्यांच्या गणनयंत्रांपर्यंत पोहोचू देणे अयोग्य. भारतात २०२३ साली डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत झाला आहे. त्याच्याही आधीपासून कबुलीची गुप्तता पाळणाऱ्या संस्थेला या बाबतीत वेगळे सांगण्याची गरज पडू नये. माहिती स्वतःच्याच सर्व्हरवर ठेवणारी मातोमोसारखी मुक्त साधने उपलब्ध आहेत.

हे सारे करण्यासाठी तज्ज्ञांची फौज लागत नाही. महिन्याला एक कागद आणि त्यावर पाच नोंदी पुरतात : वेळांचे पान किती वेळा पाहिले गेले, नकाशा व दूरध्वनीची बटणे किती वेळा दाबली गेली, विनंत्यांना सरासरी किती दिवसांत उत्तर गेले, संकेतस्थळ पाहून किती नवे लोक आले आणि माहिती शेवटची केव्हा तपासली. धर्मग्राम परिषदेच्या बैठकीत हा कागद वाचला जावा आणि त्यावरून निदान एक दुरुस्ती ठरावी. चर्चप्रमाणेच गावच्या देवस्थानाला, दर्ग्याला किंवा वाचनालयालाही ही रीत लागू पडते. ज्या आकड्यावरून काहीच बदलायचे नसते, तो आकडा गोळा करण्याचे श्रम वाचवलेलेच बरे.