अंगाला बसेल ती सायकल

श्रोतेहो, दिवाळी झाली की आपल्या बीड जिल्ह्यातली कितीतरी बिऱ्हाडे ऊसतोडीला निघतात. मागे आजी-आजोबांजवळ राहिलेल्या मुलीची शाळा मग तिच्या स्वतःच्या पायांवर, नाहीतर सायकलीवर अवलंबून असते. शासनाच्या मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळतात. कुठे घरची माणसे पदरमोड करून घेतात. तरीही एखाद्या अंगणात चांगली सायकल भिंतीला टेकून गंजत असते आणि मुलगी दप्तर घेऊन पायी निघालेली दिसते. विचारले तर म्हणते, "सर, पाठ दुखती. पाय बी पुरत नाहीत." आता यात दोष मुलीचा नाही आणि सायकलीचाही नाही. दोघींचे माप जुळलेले नाही, इतकेच.

आपण सायकल घेतो ती कपड्यासारखी, वाढत्या अंगाची. माझ्या वडिलांनीही मला 24 इंची सांगाड्याची सायकल आणली होती. दोन वर्षे मी दांडीखालून पाय घालून ती कैचीत चालवली. कंबर एकीकडे, मान दुसरीकडे! सायकल आली खरी, पण तिची गोडी लागली ती सीटवर नीट बसता येऊ लागल्यावर.

कोणी म्हणेल, गरिबाला कसली आली सोय? पण सायकलीचा इतिहासच सोयीचा आहे. बेलफास्ट शहरात जॉन बॉइड डनलॉप नावाचे जनावरांचे डॉक्टर होते. खडबडीत रस्त्यावर मुलाची तीनचाकी फार आदळते, हे पाहून त्यांनी तिच्या चाकांना हवेची रबरी नळी बसवली. 1888 साली त्यांनी तिचे पेटंट घेतले. योगायोग पाहा, त्याच 1888 साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलचे दुकान काढले. एका मुलाला बसणारे हादरे कमी करण्यासाठी निघालेली ती युक्ती आज साऱ्या जगाला वाहून नेते आहे. सोय म्हणजे चैन नव्हे.

मग माप कसे घ्यावे? पहिली गोष्ट, दांडीची सायकल असेल तर दांडीच्या दोन्ही बाजूंना पाय टेकवून उभे राहा. दोन्ही टाचा जमिनीवर असताना दांडी आणि शरीर यांत दोन बोटे तरी अंतर हवे. दुसरी गोष्ट सीटची उंची. कोणीतरी सायकल धरावी, आपण सीटवर बसावे आणि टाच अगदी खाली आलेल्या पायडलवर ठेवावी. तेव्हा पाय सरळ व्हावा. मग चवडा पायडलवर ठेवला की गुडघा जरासा वाकलेला राहतो. गुडघा फार वाकला तर तो दुखतो; सीट फार उंच असली तर कंबर डोलते. तिसरी गोष्ट हँडल. ते धरताना कोपर ताठ होऊ नये आणि खांदे कानांपर्यंत चढू नयेत. ताठ बसून चालवणाऱ्याचे बहुतेक वजन सीटवर पडते. म्हणून त्याला रुंद, स्प्रिंगची सीट बरी. साडी किंवा सलवार नेसणारीला उतरत्या दांडीची सायकल घ्यावी, आणि चेनला झाकण व मागच्या चाकाला जाळी अवश्य असावी.

आता आपला मुलूख पाहा. गोदाकाठचा गेवराई-माजलगावचा भाग बराचसा सपाट; उलट पाटोदा, धारूरकडे बालाघाटाचे चढ. दोन्हीकडे एकच सायकल सारखी चालेल कशी? समजा, पुढच्या चक्राला 44 दाते आहेत आणि मागच्याला 18. मग 28 इंची चाकाची सायकल पायडलच्या एका फेऱ्यात सुमारे साडेपाच मीटर जाते. मागे 22 दात्यांचे चक्र बसवले तर ती जाते साडेचार मीटरच्या आसपास. म्हणजे वेग घटला, पण चढ हलका झाला. चढाच्या गावी हा सौदा फायद्याचा! आणि जिथे चढ आहे तिथे उतारही आहे. म्हणून रंग पाहण्याआधी दोन्ही ब्रेक पाहा. पावसात लोखंडी रिम ओली झाली की ब्रेकची रबरे घसरतात. तेव्हा उतारावर आधीपासूनच वेग आवरावा.

आपल्या काळ्या रानातला चिखल चाकात भरतो. म्हणून टायर आणि मडगार्ड यांत मोकळी जागा असलेली सायकल निवडावी. हवा कमी असली की पायडल जड लागते आणि आपण म्हणतो, सायकलच वाईट! अंगठ्याने दाबून पाहावे, टायर घट्ट लागला पाहिजे.

आणि सायकल आधीच घरात असेल तर? नवी घ्यायला नको. सीटखालचा बोल्ट ढिला करा, सीट खाली-वर करा, पुन्हा घट्ट आवळा. सीटच्या नळीवर बहुधा एक खूण असते, तिच्यावर सीट ओढू नये. शिक्षकबंधूंना आणि भगिनींना माझी एक विनंती आहे. शाळेत एक पान्हा, एक हवेचा पंप आणि तेलाची बाटली ठेवा. एखाद्या शनिवारी मुलींना सायकली घेऊन बोलवा आणि त्यांच्या हातूनच सीटची उंची लावून घ्या. वर्षभरात मुली वाढतात, म्हणून हे दर सहामाहीला करावे.

सायकल अंगाला बसली की तिची आवड आपोआप लागते. मग "सायकलवर जा" असे सांगावे लागत नाही. मुलगीच सकाळी ती पुसून, घंटी वाजवून दाराशी उभी राहते, आणि शाळेची वाट तेवढी जवळ येते.