वेदनानिदान, अबोल बालकांतील

बोलता न येणाऱ्या, साधारणतः दोन वर्षांखालील बालकास होणाऱ्या वेदनेचे स्थान व कारण त्याच्या वर्तनावरून आणि शारीरिक तपासणीवरून ठरविण्याच्या क्रियेस ही संज्ञा लावतात. नवजात अर्भकास वेदना फारशी जाणवत नाही, असा समज वैद्यकातही दीर्घकाळ होता व अर्भकांवरील काही शस्त्रक्रिया अपुऱ्या भुलेखाली केल्या जात. कंवलजीत सिंग आनंद व पी. आर. हिकी यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखामुळे या समजास मोठा धक्का बसला.

रडणे हे वेदनेचे सर्वपरिचित, पण अपुरे लक्षण होय. भूक, झोप व भीती यांमुळेही मूल रडते. उलट तीव्र वेदनेत ते हालचाल टाळून निपचित पडून राहते आणि ‘शांत झाले’ असा घरच्यांचा गैरसमज होतो. मुंबईतील गिरणी कामगारांच्या वस्त्यांत पूर्वी लहान मुलांना अफूयुक्त बाळागोळी देत. तिने रडणे थांबे, रोग मात्र तसाच राही. चेहरा, पाय, हालचाल, रडणे व समजूत घातल्यावर शांत होणे या पाच बाबींना प्रत्येकी ० ते २ गुण देणारी ‘फ्लॅक’ मापनी १९९७ पासून वापरात आहे. ती वेदनेची तीव्रता दाखविते, कारण दाखवीत नाही.

कारणाचा माग वेदनेच्या रीतीवरून लागतो. मूल मधूनमधून किंचाळून पाय पोटाशी घेत असेल व मधल्या काळात मलूल पडत असेल, तर आतड्याचा एक भाग दुसऱ्यात शिरल्याची शंका घ्यावी. रक्तमिश्रित शौच हे त्याचे उशिरा दिसणारे लक्षण असते. आडवे केल्यावर रडणे वाढल्यास कान तपासतात. लंगोट बदलताना एकच पाय हलवू न देणे हे खुब्याच्या सांध्यातील जंतुसंसर्गाचे लक्षण असू शकते. नुकते चालू लागलेल्या मुलाच्या नडगीचे बारीक अस्थिभंग पहिल्या क्ष-किरण चित्रात पुष्कळदा दिसत नाहीत. सर्व कपडे उतरवून पाहणे आवश्यक असते, कारण पायाच्या बोटाला आवळलेला केसही तासन्‌तास रडविण्यास पुरेसा होतो. दात येण्यावर सर्व दोष ढकलण्याची सवय घातक आहे. दात येण्याने तीव्र ताप येत नाही.

पालघर जिल्ह्यात एक कारण विशेषत्वाने ध्यानात ठेवावे लागते. येथील वारली, कातकरी, कोकणा इ. आदिवासी जमातींत दात्रकोशिका पांडुरोग आढळतो. व्यवहारात त्यास सिकलसेल म्हणतात. आदिवासी वस्ती केवळ जव्हार-मोखाड्याच्या डोंगराळ भागात नसून, दांडी हे किनाऱ्यावरील गाव व बोईसर-तारापूरचा औद्योगिक परिसर ज्यात येतो त्या पालघर तालुक्यातही आहे. जन्मानंतर काही महिने गर्भावस्थेतील हीमोग्लोबिनामुळे बालकाचे रक्षण होते. ते कमी झाल्यावर, बहुधा सहा महिने ते दोन वर्षे या वयात, कोयत्याच्या आकाराच्या तांबड्या कोशिका सूक्ष्म रक्तवाहिन्यांत अडकतात व हातापायांचे पंजे सुजून अत्यंत दुखू लागतात. पुष्कळ मुलांत रोगाचे हेच पहिले प्रकट लक्षण असते. सूज मुका मार किंवा कीटकदंश यांमुळे आली असे समजून शेक व लेप देण्यात वेळ जातो. तथापि एकाहून अधिक पंजे एकाच वेळी सुजणे हे इजेचे लक्षण क्वचितच असते. थंडी, ताप व शरीरातील पाणी कमी होणे यांमुळे असे झटके येऊ शकतात.

विद्राव्यता चाचणी हा तपासणीचा पहिला टप्पा असून ती सहा महिन्यांखालील अर्भकांत विश्वसनीय नसते. निश्चितीसाठी हीमोग्लोबिनाचे विद्युत् संचारणाने पृथक्करण करतात. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत आदिवासीबहुल भागांतील ४० वर्षांपर्यंतच्या व्यक्तींची तपासणी अभिप्रेत आहे. झटक्यात पुरेसे द्रव पदार्थ, ऊब व वेदनाशामक औषधे देतात. या बालकांची प्लीहा लवकर निकामी होत असल्याने त्यांना पाच वर्षांपर्यंत पेनिसिलीन देतात, आणि ताप आल्यास दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता त्यांना रुग्णालयात न्यावे लागते.