सरपंचाच्या शिट्टीमागचा माणूस

कबड्डीने देशाची वेस ओलांडली, त्या प्रवासातला एक मोठा टप्पा मध्य प्रदेशात गाठला गेला. 1978 साली राष्ट्रीय कबड्डी स्पर्धेचा रौप्यमहोत्सव साजरा होत असताना भिलाईत आशियाई हौशी कबड्डी महासंघाची स्थापना झाली. छत्तीसगड तेव्हा वेगळं झालेलं नव्हतं. भिलाईचा कारभार भोपाळच्याच राजधानीतून चालायचा. भोपाळपासून कोलार धरणाच्या दिशेने वाढत गेलेल्या कोलार रोडवर आज अनेक मराठी कुटुंबं राहतात. प्रो कबड्डी सुरू झाली की त्यांच्याही घरात खेळाडूंची नावं घेतली जातात. भिलाईचा विषय मात्र क्वचितच निघतो, आणि ज्यांनी हा खेळ तिथवर आणला त्या संघटकांचा आणि पंचांचा तर त्याहूनही कमी.

या मंडळींमध्ये शंकरराव साळवी यांचं नाव आदराने घ्यावं लागतं. महाराष्ट्र त्यांना बुवा साळवी म्हणून ओळखतो. त्यांचा जन्मदिवस, 15 जुलै, महाराष्ट्रात ‘कबड्डी दिन’ म्हणून पाळला जातो. चढाया करून किंवा पकडी घेऊन नव्हे, संघटना बांधून एखाद्याने हा मान मिळवावा, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

बुवांच्या पिढीला मिळालेला खेळ आधीच बऱ्याच हातांनी घडवलेला होता. महाराष्ट्रात हुतूतू, बंगालमध्ये हाडुडू, तमिळनाडूत सडुगुडू; प्रत्येक मुलखाचे नियम वेगळे. संजीवनी पद्धतीत बाद झालेला गडी पुन्हा जिवंत होई, गामिनीत होत नसे, अमर पद्धतीत तर तो बाहेरच जात नसे, फक्त गुण मांडला जाई. अशा स्थितीत साताऱ्याचा संघ बडोद्याच्या संघाशी कोणत्या नियमांनी खेळणार? विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकांत सातारा, पुणे, बडोदा इथल्या जाणत्यांनी नियम एकत्र आणायला सुरुवात केली. 1923 साली बडोद्यात अखिल भारतीय स्पर्धा झाली. 1936 मध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली. 1950 मध्ये अखिल भारतीय महासंघ उभा राहिला, 1952 मध्ये मद्रासला पुरुषांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली आणि 1955 मध्ये कलकत्त्याला महिलांची.

नियम छापून झाले तरी ते मैदानात कुणीतरी राबवावे लागतात. कबड्डीत हे काम दोन पंच आणि एक सरपंच करतात. जोडीला गुणलेखक आणि त्यांचे साहाय्यक. पुरुषांचं मैदान 13 मीटर लांब आणि 10 मीटर रुंद. एवढ्याशा जागेत एक चढाईपटू आणि समोर सात जण. चढाई 30 सेकंदांची. तेवढ्यात पंचाने काय काय पाहायचं? दम प्रतिपक्षाच्या अंगणात पाऊल टाकण्याआधी सुरू झाला का, तो स्पष्ट ऐकू येतोय का, निदान रेषा ओलांडली का, सहा किंवा सात बचावपटू असताना बोनस रेषेपलीकडे पाय टेकला तेव्हा दुसरा पाय हवेत होता का. झटापट सुरू होईपर्यंत राखीव पट्टीत पाय गेला तर गडी बाद. झटापट सुरू झाली की तीच पट्टी मैदानाचा भाग. पकड हातापायांची किंवा धडाची हवी, कपडे ओढलेले चालत नाहीत. आणि चार जणांच्या ढिगाखालून मध्यरेषेकडे बोटं सरकत असताना दम तुटला तो बोटं रेषेला लागण्याआधी की नंतर, हे ठरवायचं. कॅमेरे नव्हते तेव्हा याचा निवाडा कानाने आणि डोळ्याने होई. दोन पंचांचं एकमत झालं नाही, तर शब्द सरपंचाचा.

हे काम करणारी माणसं हौशी खेळाच्या जगातली. दिवसा नोकरी, संध्याकाळी मैदान. जिल्हा संघटनेची पंच परीक्षा द्यायची, गावोगावच्या स्पर्धांना जायचं, आणि निर्णय काहीही दिला तरी त्याच गावातून रात्री परत निघायचं. यातलेच कितीतरी जण पुढे संघटनेचे पदाधिकारी होतात: मैदान आखतात, नोंदण्या तपासतात, निवड चाचण्या घेतात, वर्गणी मागतात. पंच आणि संघटक हे एकाच माणसाचे दोन उद्योग असणं ही आपल्या देशी खेळांची खरी ताकद होती, असं माझं स्पष्ट मत आहे. नियमाची अडचण कुठे येते हे ज्याने शिट्टी हातात धरून अनुभवलंय, तोच सभेत नियम नीट बदलू शकतो.

भिलाईनंतर गोष्टी भराभर घडल्या. 1980 मध्ये कलकत्त्याला पहिली आशियाई स्पर्धा झाली. 1982 च्या दिल्ली एशियाडमध्ये कबड्डी प्रात्यक्षिक म्हणून आली आणि 1990 मध्ये बीजिंगला पदकांचा खेळ झाली, सुवर्ण भारताचं. एशियाडचं हे दार उघडावं म्हणून झटलेल्या संघटकांत बुवा साळवी होते.

संघटनेची दुसरी बाजूही लिहिली पाहिजे. खुर्ची आणि मैदान यांतलं अंतर वाढलं की काय होतं, ते 2018 मध्ये दिसलं. भारतीय महासंघाच्या अध्यक्षपदावर जनार्दनसिंह गेहलोत अनेक वर्षं होते. त्यांच्यानंतर ते पद त्यांच्या पत्नीकडे गेलं. दिल्ली उच्च न्यायालयाने त्या ऑगस्टमध्ये ही निवड रद्द ठरवून कारभार प्रशासकाकडे सोपवला. त्याच महिन्यात जकार्ताच्या एशियाडमध्ये पुरुष आणि महिला, दोन्ही सुवर्णपदकं इराणने नेली. पराभवाचं खापर कारभारावर फोडणं बरोबर नाही. इराणचे संघ उत्तम खेळले. पण घर नीट नव्हतं, हेही खरं.

2014 पासून प्रो कबड्डीमुळे पंचांच्या निर्णयांची फेरतपासणी पडद्यावर होते, खेळाडूंवर लाखोंच्या बोली लागतात. हे चांगलंच झालं. भिलाईच्या त्या वर्षी मध्य प्रदेशात शिट्टी हाती धरून उभे असलेले पंच मात्र आता उतारवयात असतील. त्यांच्या पंच परीक्षेची प्रमाणपत्रं, गुणपत्रिका, स्पर्धांच्या छापील पत्रिका घरांतल्या ट्रंकांमध्ये पडून असतील. भोपाळमधल्या मराठी मंडळांनी येत्या वर्षी हे कागद गोळा करावेत, आणि ज्यांना बोलता येतंय त्यांचं बोलणं ध्वनिमुद्रित करून घ्यावं. सुरुवात कोलार रोडवरून करायला काहीच हरकत नाही.